ध्रुवावरून बंदर कसे सापडते, आणि रेखांशासाठी घड्याळ का लागले

प्रश्न रत्नागिरीच्या मिरकरवाड्यातील एका विद्यार्थिनीचा आहे. तिचे आजोबा शिडाच्या गलबतावर तांडेल होते आणि ध्रुव बघून आम्ही घर गाठायचो, असे ते सांगत असत. ती स्वतः आता डेक कॅडेट, म्हणजे जहाजावरची प्रशिक्षणार्थी अधिकारी, होण्यासाठी अभ्यास करते आहे. तिने तीन गोष्टी विचारल्या आहेत: उघड्या डोळ्यांनी ध्रुव पाहून बंदर खरोखर सापडते का, अक्षांश इतका सहज मिळत असताना रेखांशासाठी अठराव्या शतकापर्यंत का थांबावे लागले, आणि खिशातला फोन स्थान सांगत असताना हे सारे शिकायचे कशासाठी. मी व्यापारी जहाजांवर नौकानयन अधिकारी म्हणून काम केले आणि पुढे हाच विषय शिकवला, त्या आधारावर उत्तर देत आहे.

पृथ्वीचा अक्ष उत्तरेकडे वाढवला तर तो आकाशात ज्या ध्रुवबिंदूला टेकतो, त्या बिंदूची क्षितिजापासूनची कोनीय उंची, म्हणजे उन्नतांश, पाहणाऱ्याच्या अक्षांशाइतकाच असतो. यासाठी घड्याळ लागत नाही, तारीख लागत नाही आणि आपण कोठून निघालो हेही आठवावे लागत नाही. अंशाचा साठावा भाग म्हणजे एक कला, आणि अक्षांशाची एक कला म्हणजे एक सागरी मैल, १,८५२ मीटर. रत्नागिरीचा अक्षांश १६ अंश ५९ कला आहे, म्हणून तिथे ध्रुवबिंदू क्षितिजापासून तेवढाच वर असतो. मात्र ध्रुवतारा नेमका त्या बिंदूवर नाही. आज तो तिथून सुमारे ३८ कला दूर आहे आणि रोज त्या बिंदूभोवती एक लहान वर्तुळ काढतो. शर्मिष्ठेचा तारकासमूह ध्रुवाच्या वर असेल तेव्हा ध्रुवताराही ध्रुवबिंदूच्या वर असतो आणि मोजलेल्या उंचीतून ३८ कला वजा कराव्या लागतात. सप्तर्षींच्या शेपटीतला मरीची वर असेल तेव्हा जवळजवळ तितक्याच मिळवाव्या लागतात. हे दोन्ही समूह ध्रुवाच्या डावीउजवीकडे असतील तेव्हा दुरुस्ती अगदी थोडी असते. आजोबांनी यातले काही कागदावर मांडले नसेल, पण शर्मिष्ठा आणि सप्तर्षी यांच्या जागांवरून ध्रुव चढला की उतरला, हे ओळखणे डोळ्याला सहज जमते.

आता आपला किनारा पाहा. वेंगुर्ले १५ अंश ५१ कला, मालवण १६ अंश ३ कला, विजयदुर्ग १६ अंश ३३ कला, रत्नागिरी १६ अंश ५९ कला, हर्णै १७ अंश ४९ कला आणि अलिबाग १८ अंश ३८ कला. कोकणचा किनारा जवळजवळ उत्तर-दक्षिण गेलेला आहे, त्यामुळे इथले प्रत्येक बंदर केवळ अक्षांशाने ओळखता येते. मस्कतहून किंवा एडनहून येणाऱ्या जहाजाने खुल्या समुद्रातच आपल्या बंदराचा अक्षांश गाठायचा, मग ध्रुव त्याच उंचीवर ठेवून सरळ पूर्वेला येत राहायचे, की किनारा आडवा येतोच. किती पूर्वेला आलो हे ठाऊक नसले तरी बंदर चुकत नाही. फक्त ते आज रात्री दिसेल की परवा, एवढेच अनिश्चित राहते. माझ्या मते तुमच्या पहिल्या दोन प्रश्नांची किल्ली या एका भौगोलिक वस्तुस्थितीत आहे. अरबी समुद्रातल्या नाखव्यांना रेखांशाची उणीव शतकानुशतके फारशी भासली नाही, कारण त्यांच्या समुद्राच्या दोन्ही बाजूंना मोठा भाग असा आहे की जिथे अक्षांश कळला म्हणजे बंदर कळले.

हा अक्षांश मोजण्याचे या समुद्रातले साधन म्हणजे कमाल. लाकडाची किंवा शिंगाची एक लहान आयताकृती फळी, तिच्या मधोमध भोक, भोकातून ओवलेली दोरी आणि दोरीवर मारलेल्या गाठी. गाठ दातांत धरून दोरी ताणायची, फळीची खालची कड क्षितिजावर ठेवायची आणि वरची कड ताऱ्याला लागते का ते पाहायचे. दोरी जितकी आखूड, तितका फळीने झाकलेला कोन मोठा, म्हणून प्रत्येक बंदराची आपली एक गाठ ठरते. ध्रुव फार उंच असेल तर हे साधन कुचकामी ठरते, कारण फळी डोळ्याच्या फार जवळ आणावी लागते आणि दोन्ही कडा एकाच वेळी नीट दिसत नाहीत. परंतु आपल्या अक्षांशांवर, जिथे ध्रुव पंधरा ते वीस अंशांवर असतो, तिथे ते उत्तम चालते. अरब मालीम, म्हणजे वाट दाखवणारे जाणकार नाविक, उंची बोटांत सांगत. त्यांच्या हिशेबाने पूर्ण वर्तुळाची २२४ बोटे होतात, म्हणजे एक बोट सुमारे १.६ अंशांचे, सागरी मैलांत ९६.

यावरून अचूकतेचा अंदाज करा. वेंगुर्ल्यापासून अलिबागपर्यंतचे अंतर २ अंश ४७ कला, म्हणजे उणीपुरी पावणेदोन बोटे. डोलणाऱ्या गलबतावर उभे राहून पाव बोटापर्यंत उंची मोजली तर ते कसब चांगलेच म्हणावे लागेल, पण पाव बोट म्हणजे २४ सागरी मैल होतात आणि विजयदुर्ग ते रत्नागिरी अंतर आहे २६. म्हणजे ध्रुव तुम्हाला कोकणच्या कोणत्या तुकड्यासमोर आहात ते सांगतो; कोणत्या खाडीच्या तोंडाशी आहात ते सांगत नाही. तो शेवटचा टप्पा दुसऱ्या ज्ञानावर पार पडत असे. दोरीला शिशाचे वजन बांधून वावांत खोली मोजणे आणि वजनाच्या तळाला चरबी लावून तळाची वाळू किंवा चिखल वर आणून पाहणे, पाण्याचा बदलता रंग, पक्षी, आणि समुद्री साप. किनारा जवळ आल्याची खूण म्हणून सापांचा उल्लेख पहिल्या शतकातल्या पेरिप्लस या ग्रीक प्रवासवर्णनात आहे, ज्यात चौलचे बंदर सेमिल्ला या नावाने येते. खोलीवरून जागा कळण्याचे एक सुंदर उदाहरण आपल्याच समुद्रात आहे. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरएक किलोमीटरवर आंग्रिया बँक नावाचा बुडालेला उंचवटा आहे, त्याच्या माथ्यावर पाणी जेमतेम वीसएक मीटर खोल आहे आणि भोवती ते पुन्हा झपाट्याने खोल होते. पश्चिमेकडून येताना भर समुद्रात अशी उथळ जागा लागली आणि लगेच संपली, तर विजयदुर्गचा अक्षांश आणि किनाऱ्यापासूनचे अंतर, दोन्ही एकदम हाती येतात. त्यानंतर रत्नदुर्गाचे टोक किंवा हर्णैसमोरचा सुवर्णदुर्ग ओळखणे हे डोळ्यांचे काम. आजोबांच्या सांगण्यात ध्रुव हा शब्द एकटाच आला असला, तरी त्यांच्या डोक्यात हे सगळे एकत्र होते, असे समजावे.

हे सारे मोसमाशी बांधलेले होते. पावसाळ्यात दर्या बंद आणि आकाशही बंद. नारळी पौर्णिमेनंतर दोन्ही हळूहळू खुलतात. १४९८ साली वास्को द गामाचा ताफा २४ एप्रिलला आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील मालिंदीहून निघाला आणि २० मेला कालिकतला लागला, तोही मोसमी वाऱ्याच्या तोंडावर आणि मालिंदीत मिळालेल्या माहीतगार मालीमाच्या भरवशावर. तो मालीम म्हणजे विख्यात अरब नौकानयनकार इब्न माजिद, ही कथा आजही सर्रास सांगितली जाते. पोर्तुगीज साधने गुजराती मालीमाकडे बोट दाखवतात आणि बहुतेक इतिहासकार इब्न माजिदची कथा स्वीकारत नाहीत, म्हणून ती परीक्षेत लिहू नका.

इथे तारकास्थानमापनाचा, म्हणजे ताऱ्यांची स्थाने अचूक मोजण्याचा, विषय येतो, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण नौकानयनाच्या पुस्तकांत तो एका परिच्छेदात उरकलेला असतो. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा फिरत एक फेरी सुमारे २५,८०० वर्षांत पूर्ण करतो. पृथ्वी विषुववृत्तावर फुगलेली आहे, त्या फुगवट्यावर चंद्र आणि सूर्य ओढ लावतात आणि त्यामुळे संपातबिंदू, म्हणजे सूर्याचा वार्षिक मार्ग खगोलीय विषुववृत्ताला छेदतो तो बिंदू, दरवर्षी सुमारे ५०.३ विकला मागे सरकतो (कलेचा साठावा भाग म्हणजे विकला). याचा ध्रुवताऱ्यावर झालेला परिणाम असा की इसवी सन १५०० च्या सुमारास तो ध्रुवबिंदूपासून सुमारे साडेतीन अंश दूर होता. म्हणजे रोजच्या फेरीत त्याची उंची सात अंशांनी, चार बोटांहून अधिक, वरखाली होत असे. म्हणूनच त्या काळचे मालीम बंदराची उंची सांगताना ध्रुव आपल्या फेरीत सर्वांत खाली असतानाची सांगत आणि तो क्षण चंद्राच्या नक्षत्रांवरून ओळखत. रत्नागिरीला तेव्हा ध्रुव फेरीच्या तळाशी साडेतेरा अंशांवर येत असणार. त्या काळात तो ध्रुवबिंदूकडे दरवर्षी सुमारे २० विकला सरकत होता. त्या काळच्या एखाद्या आजोबांनी अशा मोजणीवर मारलेली गाठ नातवाने साठ वर्षांनी तशीच वापरली, तर तो २० कला, म्हणजे २० सागरी मैल फसला असता. ध्रुवतारा अजूनही जवळ येतो आहे आणि २१०० च्या सुमारास तो ध्रुवबिंदूपासून अर्ध्या अंशाहूनही कमी अंतरावर असेल, त्यानंतर पुन्हा दूर जाऊ लागेल.

हे सरकणे आपल्याच मातीतल्या माणसांनी बारकाईने अभ्यासले आहे. शंकर बाळकृष्ण दीक्षित दापोली तालुक्यातल्या मुरूडचे. कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत, अशा अर्थाचे शतपथ ब्राह्मणातले विधान त्यांनी हेरले आणि कृत्तिका खगोलीय विषुववृत्तावर होत्या तो काळ इसवी सनापूर्वी ३००० च्या आसपास येतो, असे दाखवले. आज त्याच कृत्तिका रत्नागिरीहून पाहिल्या तर नेमक्या पूर्वेच्या सुमारे २५ अंश उत्तरेला उगवतात. जहाजावरच्या माणसाच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे: ताऱ्याचा उगवता बिंदू पाहून दिशा ठरवायची असेल, तर त्या ताऱ्याचे आजचे स्थान कोणीतरी जमिनीवर बसून, वर्षानुवर्षे मोजून, तुमच्या हाती दिलेले असले पाहिजे. दीक्षितांच्या आधीच्या पिढीतले केरो लक्ष्मण छत्रे अलिबागजवळच्या नागावचे. ते १८४० साली कुलाबा वेधशाळेत साहाय्यक म्हणून लागले आणि १८६० साली त्यांची ग्रहसाधनाची कोष्टके प्रसिद्ध झाली, ज्यांत पाश्चात्त्य वेधांवर आधारलेले गणित मराठीत आले. कुलाब्याच्या वेधशाळेचे नाव रेखांशाच्या संदर्भात पुन्हा येईल.

आता दुसरा प्रश्न. अक्षांश मोजायला पृथ्वीने स्वतःच आकाशात एक खूण ठेवली आहे, कारण ती ज्या अक्षाभोवती फिरते तो अक्ष, वर सांगितलेले संथ सरकणे सोडले तर, स्थिर दिशेने रोखलेला आहे. रेखांशाला अशी खूण असूच शकत नाही. आज रात्री रत्नागिरीच्या माथ्यावरून जो तारा गेला तोच तारा काही वेळाने एडनच्या रेखांशावरून तसाच जाणार, फरक फक्त वेळेचा. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणून दोन ठिकाणांच्या रेखांशांतला फरक म्हणजे त्यांच्या स्थानिक वेळांतला फरक. स्थानिक वेळ सूर्यावरून कुठेही मिळते. संदर्भस्थळाची त्याच क्षणाची वेळ मात्र सोबत न्यावी लागते किंवा आकाशातून वाचावी लागते. घड्याळ ४ सेकंदांनी चुकले तर रेखांश एका कलेने चुकतो, आणि रत्नागिरीच्या अक्षांशावर ते ०.९६ सागरी मैल होतात. लंबकाचे घड्याळ डोलणाऱ्या जहाजावर चालत नाही. १७०७ साली सिली बेटांजवळ इंग्रज आरमाराची चार जहाजे स्थान चुकल्यामुळे खडकांवर फुटली आणि १७१४ साली ब्रिटिश संसदेने अर्ध्या अंशापर्यंत रेखांश देणाऱ्या पद्धतीसाठी २०,००० पौंडांचे बक्षीस जाहीर केले. युरोपच्या पश्चिम टोकाशी येणाऱ्या जहाजाला खडक कधी आडवे येतील हे कळणे जीवनमरणाचे होते. कोकणासमोर मात्र पाणी दूरवरून टप्प्याटप्प्याने उथळ होत जाते आणि शिशाचे वजन आधीच इशारा देते.

आकाशातून वेळ वाचण्याचे घड्याळ म्हणजे चंद्र. तो ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर तासाला सुमारे ३३ कला सरकतो. चंद्राचे एखाद्या ताऱ्यापासूनचे अंतर मोजले आणि ते अंतर ग्रिनिचच्या कोणत्या वेळी असणार हे आधीच छापलेले असले, तर संदर्भवेळ मिळाली. तत्त्व सोपे, पण व्यवहार अतिशय कठीण. अंतरात एका कलेची चूक म्हणजे वेळेत जवळजवळ दोन मिनिटांची आणि रेखांशात सुमारे ३० कलांची चूक. शिवाय चंद्राची गती सरळ नाही. सूर्याच्या ओढीमुळे त्याच्या स्थानात सव्वा अंशापर्यंतचा एक फरक, सुमारे ४० कलांचा दुसरा, ११ कलांचा तिसरा आणि त्याखाली अनेक लहान फरक पडतात. न्यूटनला चंद्रकक्षेच्या मुख्य अक्षाचे फिरणे सिद्धांतातून निम्मेच मिळत होते. १७४९ साली फ्रेंच गणिती क्लेरोने गणित पुढच्या पायरीपर्यंत नेले तेव्हा ते पूर्ण मिळाले आणि गुरुत्वाकर्षणाच्या नियमावरचा संशय फिटला. गणिती ऑयलरच्या सिद्धांताच्या आधारे जर्मन खगोलशास्त्रज्ञ टोबियास मायरने वेधांशी जुळवलेली कोष्टके केली, ती एका कलेच्या आसपास बरोबर निघाली, आणि त्यांच्या जोरावर १७६७ चे पहिले ब्रिटिश नाविक पंचांग चंद्राची अंतरे दर तीन तासांनी छापू शकले. खगोलीय यामिकीचा, म्हणजे ग्रहताऱ्यांच्या गतीच्या गणिताचा, एवढा थेट उपयोग त्याआधी क्वचितच झाला असेल.

चंद्राच्या या गतीचा एक हिशेब तुमच्या घरात पूर्वापार आहे, म्हणून त्याचा उल्लेख करतो. तिथीला तीनाने गुणून चाराने भागले की भरतीची वेळ तासांत मिळते, हा किनाऱ्यावरचा आडाखा तुम्ही ऐकला असेल. म्हणजे दर तिथीला भरती ४५ मिनिटे पुढे. पण पंधरा तिथींत भरतीची वेळ पूर्ण १२ तास पुढे जाते, म्हणून खरी सरासरी ४८ मिनिटे येते, आणि आडाखा पंधरवड्याच्या अखेरीस पाऊण तास मागे पडतो. तोंडी हिशेब सोपा राहावा म्हणून पाऊणपट धरली गेली असावी. खाडीत शिरायला तेवढे पुरते. रेखांश काढायला चंद्र याच्या कितीतरी पट अचूक ठाऊक असावा लागतो.

दुसरा मार्ग, म्हणजे वेळ सोबत नेण्याचा, इंग्रज घड्याळजी जॉन हॅरिसनने काढला. त्याचे चौथे सागरी घड्याळ नोव्हेंबर १७६१ मध्ये जमैकाला निघाले आणि तिथे पोहोचेपर्यंत, त्याची ठरलेली चाल जमेस धरल्यावर, सुमारे ५ सेकंदच मागे पडले. पुढे अशी अचूक सागरी घड्याळे, म्हणजे क्रोनोमीटर, स्वस्त झाले आणि चंद्रांतराची पद्धत मागे पडली. मात्र क्रोनोमीटर किती मागे-पुढे जातो हे बंदरात तपासावे लागते. मुंबईत येणाऱ्या जहाजांना वेळ मिळावी, हाच ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली कुलाब्याची वेधशाळा उभारण्यामागचा एक मुख्य हेतू होता. तिथे ताऱ्यांचे वेध घेऊन वेळ ठरवली जाई. मुंबईची स्थानिक वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे होती आणि शहराने ती १९५५ पर्यंत चालवली. वेधशाळेचे चुंबकीय काम विजेच्या ट्रामच्या भीतीने १९०४ साली अलिबागला हलवले गेले आणि तिथे ते आजही चालू आहे, जहाजाच्या होकायंत्राशी त्याचा जवळचा संबंध आहे.

अक्षांश वेगळा आणि रेखांश वेगळा काढण्याची ही सवय १८३७ साली मोडली. अमेरिकन कप्तान थॉमस समनर याला आयरिश समुद्राच्या तोंडाशी ढगांतून एकदाच सूर्य दिसला. अक्षांशाची खात्री नसल्याने त्याने तीन वेगवेगळे अक्षांश धरून तीन स्थाने काढली आणि ती नकाशावर एका रेषेत आली. कारण असे आहे की एका क्षणी एखादा तारा पृथ्वीवरच्या एकाच बिंदूच्या थेट डोक्यावर असतो, आणि तो तारा ६० अंशांवर दिसणारी सगळी ठिकाणे त्या बिंदूभोवती ३० अंशांच्या, म्हणजे १,८०० सागरी मैल त्रिज्येच्या वर्तुळावर असतात. एवढ्या मोठ्या वर्तुळाचा लहान तुकडा नकाशावर सरळ रेषाच दिसतो. दोन तारे घेतले की दोन रेषा, त्यांच्या छेदावर जहाज. फ्रेंच नौदल अधिकारी सेंट हिलेर याने १८७५ च्या सुमारास याला जी सुटसुटीत रीत दिली, तीच आज परीक्षेत विचारली जाते. व्यवहारात खरी अडचण संधिप्रकाशाची असते. तारे आणि क्षितिज एकाच वेळी दिसण्याचा अवधी आपल्या अक्षांशावर पंचवीसेक मिनिटांचा आहे, म्हणून कोणता तारा कोणत्या दिशेला किती उंचीवर येणार हे आधीच काढून ठेवून, आधी पूर्वेकडचे तारे आणि मग पश्चिमेचे असे संध्याकाळी घ्यावे लागतात, कारण पूर्वेचे क्षितिज आधी काळवंडते. हिवाळ्यात पहाटे मतलई वारा गार जमिनीवरची हवा समुद्रावर नेतो, तेव्हा क्षितिज जागचे किंचित हललेले किंवा दुहेरी दिसू शकते. अशा वेळी कोष्टकातल्या क्षितिजनतीवर, म्हणजे डोळा पाण्यापासून उंच असल्याने क्षितिज जेवढे खाली दिसते त्या कोनावर, विश्वास ठेवू नये आणि समोरासमोरच्या दिशांचे तारे घेऊन चूक कापून काढावी.

तुम्हाला हे घरी करून पाहता येईल. किनाऱ्यावरून ध्रुवाखाली बहुधा डोंगर येतो, समुद्राचे क्षितिज मिळत नाही, म्हणून सूर्यापासून सुरुवात करा. वाऱ्याच्या आडोशाला परातीत काळे झालेले इंजिन ऑइल ओतून ठेवा. त्याचा पृष्ठभाग आपोआप समतल असतो, आणि सेक्स्टंटने, म्हणजे कोन मोजण्याच्या आरशांच्या नाविक साधनाने, सूर्य व त्याचे तेलातले प्रतिबिंब एकमेकांना टेकवले की वाचन उंचीच्या दुप्पट येते. दोन्ही आरशांवरच्या गडद काचा लावल्याशिवाय सूर्याकडे पाहू नका, प्रतिबिंबाकडेही नाही. सेक्स्टंट साधारण १२० अंशांपर्यंत मोजतो, म्हणून सूर्य मध्यान्ही ६० अंशांखाली असायला हवा. रत्नागिरीत हे ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत जमते. मेच्या ८ तारखेच्या सुमारास तर इथे सूर्य थेट डोक्यावर येतो. २२ डिसेंबरला खालच्या कडेचे वाचन ९८ अंश ३८.८ कला यायला हवे. त्याचे निम्मे ४९ अंश १९.४ कला. हवेतल्या वक्रीभवनाच्या ०.८ कला वजा, पराशयाची (आपण पृथ्वीच्या केंद्रावर नसून पृष्ठभागावर असल्याने पडणाऱ्या फरकाची) ०.१ आणि सूर्याच्या अर्धव्यासाच्या १६.३ कला अधिक, की केंद्राची उंची ४९ अंश ३५ कला. ती ९० मधून वजा केली की ४० अंश २५ कला, आणि त्यातून सूर्याची दक्षिण क्रांती, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनचे त्याचे कोनीय अंतर, २३ अंश २६ कला वजा केली की १६ अंश ५९ कला. तो तुमचा अक्षांश.

रेखांशासाठी मध्यान्हाचा क्षण हवा, पण माथ्यावर सूर्याची उंची काही मिनिटे जणू थबकते, म्हणून तो क्षण थेट पकडता येत नाही. सकाळी एका ठरावीक उंचीची वेळ लिहा, सेक्स्टंट तसाच ठेवून दुपारी सूर्य त्याच उंचीवर उतरला की पुन्हा वेळ लिहा आणि दोन्हींचा मध्य घ्या. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आहे आणि रत्नागिरी ७३ अंश १८ कलांवर, म्हणून इथले सरासरी मध्यान्ह १२ वाजून ३७ मिनिटांनी होते. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि अक्ष कललेला असल्याने खरा सूर्य यापासून मागे-पुढे होतो: फेब्रुवारीच्या मध्याला मध्यान्ह १२.५१ ला, नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२.२० ला. हा फरक नाविक पंचांगातून घेऊन वजा करा. घड्याळ सेकंदापर्यंत बरोबर आहे की नाही हे आधी तपासा, नाहीतर सगळी मेहनत वाया जाईल.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर दोन बाजूंनी देतो. उपग्रहांवरून मिळणारे स्थानही आकाशापासून सुटलेले नाही. उपग्रहाच्या कक्षा ताऱ्यांच्या चौकटीत मोजल्या जातात आणि तुमचे रत्नागिरी फिरत्या पृथ्वीवर आहे, म्हणून या क्षणी पृथ्वी नेमकी किती फिरली आहे हे सतत मोजावे लागते. हे मोजमाप क्वेसारांचे, म्हणजे अतिदूरच्या दीर्घिकांच्या तेजस्वी केंद्रांचे, रेडिओ वेध घेऊन होते. पृथ्वीचे फिरणे एकसारखे नाही, म्हणून १९७२ पासून २०१६ अखेरपर्यंत जगाच्या घड्याळांत २७ लीप सेकंद, म्हणजे जादा सेकंद, घालावे लागले. उपग्रहांवरची घड्याळे सापेक्षतेमुळे दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात आणि तेही आधीच जमेस धरलेले असते. ताऱ्यांच्या स्थानांचे कामही थांबलेले नाही. डिसेंबर २०१३ मध्ये सोडलेल्या गाया उपग्रहाने जवळजवळ १८० कोटी ताऱ्यांची नोंद केली आहे. आपल्या देशात खगोलीय पंचांगाचे हे काम कोलकात्याचे पोझिशनल अ‍ॅस्ट्रॉनॉमी सेंटर करते.

दुसरी बाजू जहाजाची. अलीकडच्या वर्षांत इराणचे आखात आणि तांबडा समुद्र या भागांत उपग्रहांचे संकेत दाबले जाणे किंवा खोटे संकेत मिळणे हे जहाजांना वारंवार अनुभवास येते, आणि कोकणातली कितीतरी मुले याच मार्गांवर काम करतात. खोट्या संकेताचा धोका असा की पडद्यावर स्थान दिसत राहते, फक्त ते चुकीचे असते. अमेरिकेच्या नौदल अकादमीने १९९० च्या दशकाच्या अखेरीस ताऱ्यांवरचे नौकानयन अभ्यासक्रमातून काढले आणि २०१५ साली पुन्हा सुरू केले. व्यापारी नौदलाच्या आंतरराष्ट्रीय प्रशिक्षण नियमांत ते कायमच होते, त्यामुळे तुमच्या सक्षमतेच्या परीक्षेतही ते असणारच. रोजच्या कामातही त्याचा एक ठरलेला उपयोग आहे: होकायंत्राची तपासणी. २२ डिसेंबरला रत्नागिरीच्या अक्षांशावर सूर्य नेमक्या पश्चिमेच्या २४.६ अंश दक्षिणेला मावळतो. त्या वेळी होकायंत्रात जी दिशा दिसते आणि ही गणिताने आलेली दिशा, यांतला फरक म्हणजे होकायंत्राची चूक. यासाठी सेक्स्टंट लागत नाही, पंचांग आणि वेळ पुरते, आणि प्रत्येक पाळीत ती नोंद वहीत करावी लागते. तुम्ही सुरुवात याच नोंदीपासून करा, मग परातीतला सूर्य, मग ध्रुव, आणि शेवटी संधिप्रकाशातले तीन तारे घेऊन स्थान काढणे. या क्रमाने शिकलेले पक्के बसते, असे शिकवताना माझ्या पाहण्यात आले आहे.